नऊ वाजून दहा मिनिटांची तार

बातमी आली तेव्हा मी ओट्याशी मेथी निवडत होते. फोन रेहानाचा, मास्तरांच्या लेकीचा. "मावशी, अब्बा गेले. अर्धा तास झाला," एवढंच बोलली आणि रडायला लागली. मी "बरं" म्हणाले. बरं काय, ते मलाही कळलं नाही, सवयीनं तोंडातून गेलं. फोन ठेवून पुन्हा मेथी निवडायला बसले आणि जुडी संपेपर्यंत उठले नाही. माझ्या आयुष्यात एक बातमी मला दीड दिवस उशिरा मिळाली होती, आणि ती दाबून ठेवणाऱ्या माणसावर मी जन्मभर डूख धरला होता. त्याच माणसाच्या मरणाची बातमी मात्र अर्ध्या तासात आली… आणि मला रडू येईना. मातीला मी गेले नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण त्या दिवशी ते कारण नव्हतं.

हुसेन मास्तर आमच्या गावचे तारमास्तर. संगमनेरपासून जवळच, प्रवरेच्या काठी आमचं गाव. पुढच्या खोलीत पोस्ट आणि तार ऑफिस, मागच्या दोन खोल्यांत मास्तर आणि त्यांची बायको, आमची चाची. वय विचारलं की मास्तर आकडा सांगत नसत. "जर्मनीनं पोलंडवर चाल केली, त्या महिन्यातला मी," म्हणायचे. जन्म नगरचा, वडील छावणीत माळी. लढाई सुरू झाली तेव्हा इथल्या जर्मन माणसांना पकडून नगरात काटेरी तारांच्या आड ठेवलं होतं, आणि त्यांच्या जेवणातला भाजीपाला मास्तरांचे वडील पिकवायचे. "जगाच्या लढाईत आमच्या घराण्यानं मुळे पुरवले," हे मास्तरांचं आवडतं वाक्य. फाळणी झाली तेव्हा त्यांच्या आईनं ट्रंक भरली होती, कारण मामा कराचीला निघाला होता. वडिलांनी ट्रंक उघडली, कपडे परत खुंटीवर टाकले आणि वाफ्यांना पाणी द्यायला गेले. मामा गेला, हे राहिले. मामाची वर्षाकाठी दोन पत्रं यायची, तीही पासष्टच्या लढाईपासून बंद झाली.

मास्तर आमच्या गावी आले ते चीनच्या लढाईच्या सुमारास. ऑफिसच्या भिंतीवर त्यांनी जगाचा नकाशा लावला होता आणि जिथं काही घडेल तिथं टाचणी टोचायचे. पोस्टकार्ड घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यालाही ते काँगो कुठं आहे हे दाखवल्याशिवाय सोडत नसत. माणूस चंद्रावर उतरला त्या दिवशी त्यांना मोठाच पेच पडला. टाचणी टोचायची कुठं? शेवटी नकाशाच्या वर, भिंतीच्या चुन्यात टोचली. माझा भाऊ दत्तू तेव्हा दिवसभर तिथंच पडलेला असे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, शाळेत यथातथाच, पण त्या तारेच्या यंत्राचं त्याला वेड लागलं होतं. मास्तरांनी त्याला ती कट्ट-कडची भाषा शिकवली. घरी जेवताना दत्तू वाटीवर बोटानं माझं नाव वाजवायचा, आणि आई म्हणायची, वाटी फुटंल, मास्तरला सांग तुझ्या. त्या विद्येच्या जोरावरच तो सैन्यात सिग्नलला भरती झाला. मास्तरांना मूल नव्हतं तोवर. दत्तू वर्दीत पहिल्यांदा सुटीवर आला तेव्हा आधी ऑफिसात गेला आणि मग घरी आला, म्हणून आई दोन दिवस रुसली होती.

माझं लग्न ठरलं ते एकाहत्तर साली, राहात्याला. मुलगा शिक्षक, घर खाऊनपिऊन सुखी, पण सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या फार कडक. स्थळ सांगून आलं तेव्हा त्यांनी माझी पत्रिका तीन ठिकाणी दाखवली होती. डिसेंबरातला मुहूर्त निघाला आणि त्याच महिन्यात युद्ध पेटलं. दत्तू पश्चिमेच्या आघाडीवर होता. लग्न पुढं ढकलावं असं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मनात आलं होतं, पण दत्तूचं पत्र आलं. लग्न थांबवू नका, मी आल्यावर माझ्या वाट्याचं जेवण वेगळं घाला, असं त्यानं लिहिलं होतं. ते पत्र मास्तरांनीच ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि आई रडता रडता हसली.

लग्न दुपारी साडेबाराला लागलं. लापशी, आमटी, भात… पंगतीवर पंगती. अण्णा स्वतः वाढायला फिरत होते, कधी नव्हे ते प्रत्येकाला आग्रह करत होते. मास्तर मांडवात खांबाशी उभे होते. अक्षता टाकताना त्यांचा हात मला दिसला, एवढंच आठवतं. मी खूश होते, हे लपवण्यात काय अर्थ? फोटोत माझे दात दिसतात. त्या काळी नवरीचे दात दिसणं म्हणजे आगाऊपणा. चारच्या सुमारास वऱ्हाडाचा ट्रक राहात्याकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरी पूजेची तयारी चालली होती. मी केळीचे खुंट बांधत होते. दारात माझे चुलते येऊन उभे राहिले, चप्पल न काढता. त्यांचं तोंड बघूनच मला कळलं. "दत्तू गेला, सुमन…" म्हणाले आणि तिथंच उंबऱ्यावर बसले. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. आठवतात त्या सासूबाई. त्या माझ्याकडे आल्या नाहीत, चुलत्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तार कवा आली? लग्नाच्या आदी का मागनं?"

"आली हुती सकाळीच. पर मास्तरनं दाबून ठिवली. वऱ्हाड गेल्याव दिली. आमाला कुनालाच ठावं न्हवतं हो."

"तुमच्या अण्णांना बी न्हाई?"

"न्हाई. आईच्यान."

सासूबाईंनी जमलेल्या बायकांकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "ऐकलं न्हाई तवर सुतक न्हाई. लगीन बरूबर हाय." आणि मग माझ्याजवळ येऊन त्यांनी मला पोटाशी धरलं. आज मागं वळून पाहते तेव्हा वाटतं, त्या दोन-चार वाक्यांत माझं सगळं आयुष्य लटकत होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मला ऐकू आलं ते एवढंच, की तार सकाळी आली होती.

माहेरी गेले तेव्हा ती तार देवळीत ठेवलेली होती. मॅट्रिक झालेली घरात मी एकटी, म्हणून इंग्रजी मीच वाचलं. कळवण्यास दुःख होते वगैरे. कोपऱ्यात तार उतरवून घेतल्याची वेळ मास्तरांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेली होती, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. म्हणजे मी हळदीच्या अंगानं मैत्रिणींशी खिदळत होते तेव्हा माझ्या भावाचं मरण दोनशे पावलांवर कागदावर उतरलं होतं, आणि हा माणूस ते खिशात घालून माझ्या लग्नात अक्षता टाकत होता! मी अण्णांना विचारलं, "तुमच्या हातात कधी आली?" अण्णा म्हणाले, "संध्याकाळी." एवढंच. त्याच आठवड्यात ढाका पडलं, लढाई जिंकली. आमच्या घरात दत्तूचं सुतक आणि वेशीत फटाके. मी कानांवर हात ठेवून कोठीच्या खोलीत बसले होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती… नऊ वाजून दहा मिनिटं.

मी अर्ज केला. वरच्या साहेबांच्या नावानं, फुलस्केप कागदाचं दीड पान. तारमास्तरांनी सैनिकाच्या मृत्यूची तार जाणूनबुजून सात-आठ तास दडवली, त्यांच्यावर कारवाई व्हावी. अण्णांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे, सुमन. मास्तर आपला मानूस हाय." मी म्हणाले, "आपला माणूस असं करत नाही." मी राहात्याहून अर्ज टाकला. अर्जात मास्तरांच्या धर्माबद्दल एक अक्षर नव्हतं, हे मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते युद्ध कुणाशी चाललं होतं आणि मास्तरांचं नाव काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? गावात कुजबुज सुरू झाली. मामा कराचीत आहे म्हणे. नकाशावर टाचण्या कशाला टोचतो म्हणे. जी माणसं त्या नकाशासमोर उभं राहून चंद्र शोधत होती, तीच हे बोलत होती. एक साहेब चौकशीला आला. मास्तरांनी लिहून दिलं, तार मी दाबून ठेवली, घरच्यांना माहीत नव्हतं, चूक माझी. त्यांची बदली झाली खर्ड्याला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बहात्तरचा दुष्काळ होता. खर्ड्यात किल्ला होता आणि पाणी नव्हतं. सामानाचा टेम्पो गावातून निघाला तेव्हा निरोपाला कुणी आलं नाही, असं आईनं नंतर सांगितलं. मला त्या वेळी बरं वाटलं होतं. हे लिहायला जड जातं, पण वाटलं होतं.

नंतरची वर्षं जगाबरोबर पुढं गेली. आणीबाणी आली आणि गेली. अण्णा गेले, आई गेली. मी शाळेत लागले, मुलांना इतिहास शिकवला, सनावळ्या घोकून घेतल्या. मास्तर कुठं कुठं बदल्या भोगत निवृत्त झाले आणि संगमनेरला घर करून राहिले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एकदा एसटी स्टँडवर समोरासमोर आलो. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली. त्यांनीच सुरुवात केली. "बर्लिनची भिंत पाडली होती, ते बघितलंस ना तेव्हा टीव्हीवर? मला वाटलं नव्हतं माझ्या हयातीत पडेल." पंचवीस-सव्वीस वर्षांनी भेट, आणि हा माणूस बर्लिनचं काढतो! मी हसले नाही, पण नंतर सणासुदीला फोन होऊ लागले. रेहाना मला मावशी म्हणू लागली. चाची मात्र फोनवर कधी आली नाही. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले त्या आठवड्यात मास्तरांनी फोन करून मला एवढंच विचारलं, "शाळेतल्या पोरांना काय सांगितलंस?" मी म्हणाले, जे घडलं ते. ते म्हणाले, "आणि कोणाला दोष द्यायचा नाही, ते सांगितलंस का?"

मग देशातली तारसेवाच कायमची बंद झाली. त्या दिवशी मी मुद्दाम संगमनेरला गेले. का गेले? आता सांगायला लाज वाटते. मला वाटलं, तार संपली, आता आपणही संपवून टाकावं. मोठ्या मनानं. मास्तर खिडकीशी बसले होते, गुडघ्यावर बोटानं काहीतरी वाजवत. मी पेढे ठेवले आणि म्हणाले, "मास्तर, मी तुम्हाला माफ केलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटं थांबली. म्हणाले, "बरं झालं, सुमन. तुझ्या मनावरचं ओझं उतरलं." आतून चाचीच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी दोन घोट चहा घेऊन, अगदी हलकी होऊन, परत आले. त्यानंतर कोरोनात ते दवाखान्यात जाऊन आले, जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा "मी जागचा हललो नाही आणि जन्मगाव बदललं," म्हणून हसले, युक्रेनची लढाई थांबेना तेव्हा पोलंडची सीमा कुठं येते ते मला फोनवर समजावत बसले. ज्या सरहद्दीनं आयुष्य सुरू झालं तिथंच बातम्या पुन्हा येऊन ठेपल्या, म्हणाले. शेवटचा फोन तो.

मातीला गेले नव्हते, म्हणून चाळिसाव्याला गेले. चाळिसाव्या दिवसाचं जेवण असतं, माणसं दुपारपर्यंत येऊन जातात. मी पोचले तेव्हा गर्दी ओसरली होती. चाची मास्तरांच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. मला बघून उठली नाही. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, कुठंतरी बॉम्ब पडत होते, कुठंतरी बोलणी फिसकटली होती. "रोज लावते," चाची म्हणाली. "मला काय कळतं त्यातलं? पर खोली रिकामी वाटती." तिनं रेडिओ बंद केला, रेहानाला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"मास्तरांनी तुज्या अण्णांना जबान दिली हुती," ती म्हणाली. "ती त्यांच्यासंगं मातीत गेली. म्या कुनाला दिली न्हवती. आता ऐक."

मी खुर्चीच्या कडेला बसले.

"त्या दिशी सकाळी मशीन वाजलं. म्या आत चहा ठिवला हुता. मला त्यातलं कळत न्हवतं, पर मास्तरांची पेन्सिल कशी चालती ते ठावं हुतं. ती थांबली. मग त्यांनी पलीकडच्याला परत पाठवायला सांगितलं. एकदा न्हाई, तीनदा. तिनी बार तेच आलं. अक्षर अक्षर करून दत्तूचं नाव. त्यांनीच शिकवलेलं पोर… मग त्यांनी तुज्या अण्णांना मागच्या दारानं बोलवून घ्येतलं आन् तार हातात दिली. नियम हाय ना. साडेनऊ बी झाले नसतील."

"अण्णांना?" मी म्हणाले. "अण्णांना सकाळीच…?"

"व्हय. अण्णा भुईवर बसले. रडले न्हाईत. म्हनले, मास्तर, सुतक लागलं. पोरीचं लगीन मोडलं. पांढऱ्या पायाची म्हनून नाव पडंल, पुन्ना कोन दारात उभं करनार न्हाई. नवरदेवाचा ट्रक वेशीत आल्ता. मास्तरांनी इचारलं, अण्णा, तुमच्यात सुतक कवापासनं धरत्यात? अण्णा म्हनले, ऐकल्यापासनं. तवा मास्तरांनी त्यांच्या हातातनं तार काढून घ्येतली आन् खिशात घातली. म्हनले, मग तुमी ऐकलंच न्हाई. तार माज्याकडं हाय. दडवली मी. जा, मांडवात जा."

मला एकदम अण्णा दिसले, लापशीचं पातेलं घेऊन पंगतीत वाकणारे. पोटचा पोरगा गेल्याचं माहीत असलेला माणूस लोकांना म्हणत होता, आणखी एक वाढू का, एकच… आणि आईला त्या वेळी काहीच माहीत नव्हतं. ती माझ्या कानामागं तीट लावत होती. मी तोंडात पदर कोंबला.

चाची थांबली नाही. "साहेब चौकशीला आला तवा खरं लिहिलं असतं तर मास्तरांवर डाग बी आला नसता. तार येळेवर पोचली हुती. पर कागदावर आलं म्हंजी राहात्याला जायाला किती येळ? तुजी सासू म्हनली असती, बापाला ठावं हुतं, सुतकात लगीन लावून आमाला फसवलं. तुला माघारी धाडलं असतं. तुजे अण्णा खर्ड्याला आले, मास्तरांच्या पाया पडले. म्हनले, मी समद्या गावाला सांगतो. मास्तरांनी न्हाई सांगू दिलं. मी पोटुशी, मैलावरनं हंडा आनते, लोक पाठीमागं पाकिस्तानी म्हनत्यात, आन् हे म्हनत्यात, पोरगी सुखात हाय, बास."

"चाची, माझा अर्ज…"

"वाचला त्यांनी. साहेबानं दाखवला. घरी यिऊन मला म्हनले, काय सुरेख मराठी लिव्हती पोरगी, एक चूक न्हाई." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "त्या दिशी म्या त्यांच्याशी बोलले न्हाई. आन् तू पेढे घिऊन माफ करायला आलीस, त्या दिशी बी न्हाई बोलले."

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, जाऊन आता चार वर्षं झाली, सासूबाई तर कधीच्याच गेल्या. माझं लग्न मोडू शकेल असं आता कुणी उरलं नाही, आणि तरीही मास्तरांनी तोंड उघडलं नाही. त्याआधीही ते मला एकटीला सांगू शकले असते, मी काय दवंडी पिटली असती? पण मग मी अण्णांचं तोंड कसं आठवलं असतं, हे त्यांना कळत होतं. राग कुणावर तरी निघणारच होता, तो त्यांनी स्वतःवर घेतला. अर्धशतक. मी इतिहास शिकवत होते, आणि घरातली एक तार मला वाचता आली नाही. मी चाचीचे पाय धरले. म्हणाले, मला माफ कर.

तिनं पाय मागं घेतले. "म्या न्हाई करनार," ती म्हणाली. "ते असते तर त्यांनी क्येलं असतं. त्यांचं मन लई मोठं हुतं, माजं न्हाई तेवढं. म्या सांगितलं, माजं काम झालं." मग भिंतीला धरून उठली, दार उघडलं आणि आत गेली. मला वाटलं, आता मी निघावं. पण ती ताट घेऊन आली. डाळीचा दालचा, भात, शेजारी लिंबाची फोड. ताट तिनं मास्तरांच्या खिडकीजवळ, जमिनीवर मांडलं आणि पाट दिला.

"चाळिसाव्याचं हाय. मास्तरांच्या नावाचं. उठायचं न्हाई अर्ध्यात."

मी बसले. चाची पलंगावर बसून बघत होती, आणि भात संपत आला की न विचारता वाढत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही तिनं वाढला. मी नको म्हणाले नाही. ताट पुसून उठेपर्यंत ती माझ्यावरची नजर काढत नव्हती, आणि मीही ताटात एक शीत ठेवलं नाही.